ॲक्सोलॉटल : त्याचें आरोग्य व शुश्रूषा

"सर, त्याच्या कल्ल्यांवर कापूस उगवला आहे," असें सांगत आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी गेल्या एप्रिल महिन्यांत एके सकाळीं प्रार्थनेपूर्वींच माझ्याकडे आला. त्याच्या घरीं कांचेच्या टाकींत ॲक्सोलॉटल नांवाचा एक प्राणी पाळलेला आहे हें मला ठाऊक होतें. वाढदिवसाची भेट म्हणून वडिलांनीं तो त्यास आणून दिला होता. मुलाच्या हातांत निळ्या औषधाची एक बाटली होती. दुकानदाराच्या सांगण्यावरून ती आदल्या सायंकाळींच आणलेली होती. टाकींत किती थेंब घालावे एवढेंच त्यास माझ्याकडून समजून घ्यावयाचें होतें. मीं ती बाटली बाजूस ठेविली आणि त्यास एकच प्रश्न विचारला : "पाणी किती ऊन आहे?" ह्या प्रश्नाचें उत्तर त्यास देतां आलें नाहीं.

त्या दिवशीं शाळा सुटल्यावर आम्ही दोघे त्याच्या घरीं गेलों. तेथें जें पाहिलें त्यावरून हा पाठ लिहावा असें मनांत आलें. संगणकावरील 'माइनक्राफ्ट' नांवाच्या खेळांत २०२१ सालीं ह्या प्राण्याचा प्रवेश झाल्यापासून मुलांस त्याचें मोठें आकर्षण वाटूं लागलें आहे, आणि "आम्हांलाही एक आणून द्या" असा हट्ट कित्येक घरांतून चाललेला असतो. ज्यांच्या घरीं हा प्राणी आहे त्यांस त्याच्या शुश्रूषेचें ज्ञान अवश्य हवें. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांस तो आणावा कीं आणूं नये हें ठरवितांना तेंच ज्ञान उपयोगी पडेल.

प्राण्याची ओळख

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, ॲक्सोलॉटल हा मासा नव्हे. बेडकाप्रमाणें तोही उभयचर वर्गांतील प्राणी असून सॅलॅमँडर ह्या कुळांतला आहे. पावसाळ्यांत डबक्याकाठीं उभें राहिल्यास बेडूकमाशाला पाय फुटून व त्याचें शेंपूट जाऊन त्याचा बेडूक कसा होतो हें आपणांस पाहावयास मिळतें. ॲक्सोलॉटलच्या बाबतींत असें स्थित्यंतर सहसा घडतच नाहीं. डोक्याच्या प्रत्येक बाजूस पिसांसारखे तीन-तीन कल्ले धारण करून तो जन्मभर पाण्यांतच राहतो, आणि ह्या बालरूपांतच त्याची वंशवृद्धि होते. पूर्ण वाढलेला प्राणी सुमारें एक वीत लांब असतो, आणि नीट काळजी घेतल्यास दहा ते पंधरा वर्षें जगतो. रानांतील मूळ प्राणी काळसर तपकिरी रंगाचा असतो. घरोघरीं दिसणारे गुलाबी, पांढरे व सोनेरी प्राणी माणसानें निवडून वाढविलेल्या वाणांचे आहेत.

ह्याचा मूळ देश मेक्सिको. मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्को व चाल्को ह्या दोन सरोवरांत तो राहत असे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारें २,२०० मीटर उंचीवर असल्यामुळें तेथील पाणी बारमाही थंड असतें. पुढें चाल्कोचें सरोवर उपसून कोरडें करण्यांत आलें, आणि सोचिमिल्कोचे आतां बहुतेक कालवेच काय ते उरले आहेत. त्या देशाच्या नाहुआत्ल भाषेंत 'आत्ल' म्हणजे पाणी, आणि 'शोलोत्ल' हें तेथील प्राचीन लोकांच्या एका देवतेचें नांव. त्यांच्या पुराणकथेप्रमाणें ही देवता मरण चुकविण्यासाठीं नाना रूपें घेत पळत सुटली, आणि शेवटीं पाण्यांत शिरून ॲक्सोलॉटल झाली. परंतु तेथेंही मरणानें तिला गांठलेंच.

कथेंतील ही गोष्ट आज ह्या प्राण्याच्या बाबतींत खरी ठरूं पाहत आहे. १९९८ सालीं सोचिमिल्कोच्या कालव्यांत दर चौरस किलोमीटरास सुमारें ६,००० ॲक्सोलॉटल असल्याचें मोजणींत आढळलें होतें. २०१४ सालच्या मोजणींत हीच संख्या अवघी ३६ भरली. शहराचें घाण पाणी कालव्यांत आलें, आणि लोकांस अन्न मिळावें म्हणून सोडलेल्या तिलापिया व कार्प ह्या परक्या माशांनीं त्याचीं अंडीं व पिलें फस्त केलीं. निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें ह्या प्राण्याची गणना अतिशय संकटांत सांपडलेल्या प्राण्यांत केली आहे. उलटपक्षीं, १८६४ सालीं ३४ ॲक्सोलॉटल मेक्सिकोहून पॅरिस शहरीं नेण्यांत आले. त्यांपैकीं सहा ऑग्युस्त द्युमेरिल नांवाच्या शास्त्रज्ञाच्या हातीं आले, आणि त्यांची संतति युरोपांतील प्रयोगशाळांतून पसरली. आज जगभर कांचेच्या टाक्यांतून वाढणाऱ्या पुष्कळ ॲक्सोलॉटलांचें मूळ ह्या पॅरिसच्या प्राण्यांपर्यंत पोंचतें. म्हणजे ज्या प्राण्याचें स्वतःचें घर बुडत चाललें आहे तो आतां मुख्यतः माणसाच्या घरीं पाहुणा म्हणून जगत आहे.

ह्या पाहुण्याच्या अंगीं एक अद्भुत शक्ति आहे. पाय तुटला तर त्यास हाडें, स्नायु व बोटें ह्यांसह नवा पाय फुटतो. शेंपूट, पाठीच्या कण्यांतील रज्जु, इतकेंच नव्हे तर हृदयाचा व मेंदूचा कांहीं भागही तो पुन्हां उत्पन्न करूं शकतो. ह्या गुणामुळेंच शास्त्रज्ञ त्याचा इतक्या आस्थेनें अभ्यास करितात. परंतु ह्यावरून कोणी असें समजेल कीं, असा प्राणी सहसा आजारी पडत नसेल, तर ती मोठी चूक होईल. तुटलेला पाय तो सोसतो. बिघडलेलें पाणी त्याला सोसवत नाहीं.

रोगाचें मूळ पाण्यांत

ॲक्सोलॉटलची कातडी पातळ व सच्छिद्र असते, आणि कल्ले तर अंगाबाहेर उघडेच असतात. त्यामुळें पाण्यांत जें जें असेल तें तें त्याच्या अंगांत भिनतें. आपल्या खोलींत धूर झाला तर आपण दार उघडून बाहेर जातों. टाकींतील प्राण्यास बाहेर जावयास जागा नसते. ह्यासाठीं तो आजारी दिसतांच प्रथम पाण्याची नाडी पाहावी, मग प्राण्याची. पाण्याच्या परीक्षेंत मुख्य गोष्टी तीन :

पहिली, उष्णता. ह्या प्राण्यास १६ ते १८ अंश सेल्सिअस उष्णतेचें पाणी मानवतें. २० अंशांपर्यंत तो बहुधा तक्रार करीत नाहीं. त्यापुढें त्याची भूक मंदावते, आणि २४ अंशांवर पाणी राहूं लागल्यास त्याच्या जिवास धोका उत्पन्न होतो. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांतील प्राणवायु कमी होतो, प्राण्याची प्राणवायूची गरज मात्र वाढते, आणि बुरशी व रोगजंतु ह्यांस चांगलेंच फावतें.

दुसरी, अमोनिया. प्राण्याची विष्ठा व उरलेलें अन्न कुजून पाण्यांत अमोनिया नांवाचें विष तयार होतें. निसर्गाची योजना अशी कीं, एका जातीचे सूक्ष्म जंतु ह्या अमोनियाचें नायट्राइट करितात, दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात, आणि नायट्रेट थोडक्या प्रमाणांत निरुपद्रवी असतें. हे उपकारी जंतु टाकींत मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करून राहतात. नव्या टाकींत त्यांची वस्ती पुरी होण्यास चार ते आठ आठवडे लागतात. तोंवर तींत प्राणी सोडूं नये. पाणी तपासण्याचीं द्रव्यें दुकानांत मिळतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट दर लिटरास २० मिलिग्रॅमच्या आंत, असें उत्तर आल्यास पाणी निरोगी समजावें. पाणी ऊन असतां तेवढाच अमोनिया अधिक विषारी होतो, हेंही विसरूं नये.

तिसरी, क्लोरिन. नळाच्या पाण्यांत रोगजंतु मारण्यासाठीं क्लोरिन घातलेलें असतें. तें आपल्या हिताचें असलें तरी ॲक्सोलॉटलचे कल्ले व वर सांगितलेले उपकारी जंतु ह्या दोहोंसही घातक होय. साधा क्लोरिन पाणी उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवल्यानें उडून जातो. परंतु कांहीं शहरांत क्लोरामीन नांवाचें संयुग वापरितात, तें असें उडत नाहीं. म्हणून क्लोरिन घालविणारें द्रव्य पाण्यांत घालणें हाच खात्रीचा मार्ग होय.

ह्या माहितीच्या उजेडांत त्या विद्यार्थ्याच्या घरीं काय दिसलें तें पाहूं. टाकी दिवाणखान्यांत पश्चिमेच्या खिडकीपाशीं होती. उष्णतामापकानें पाण्याची उष्णता २९ अंश दाखविली. चौकशी करतां असें कळलें कीं, तीन दिवसांपूर्वीं घरांतील मंडळींनीं मोठ्या प्रेमानें टाकीची साफसफाई केली होती. फिल्टरचा स्पंज काळपट दिसला म्हणून तो नळाखालीं खळखळून धुतला, आणि सगळें पाणी काढून नळाचें नवें पाणी भरलें. म्हणजे उपकारी जंतु मेले, अमोनिया सांचूं लागला, आणि उन्हाळा तर होताच. पाणी तपासलें तेव्हां अमोनिया स्पष्ट दिसला. कल्ल्यांवरचा कापूस हा ह्या सर्वांचा परिणाम होता. तें मूळ दुखणें नव्हतें. त्या टाकींत निळें औषध ओतलें असतें तर उरलेसुरले जंतूही नाहींसे झाले असते.

माझा अपराध

हें मला ठाऊक होतें तें माझ्या हुशारीमुळें नव्हे. २०१९ सालीं विज्ञानाच्या खोलींत आम्ही एक ॲक्सोलॉटल ठेविला होता. एका माजी विद्यार्थ्यानें तो दिला होता, आणि सातवीच्या मुलांचा तो मोठा लाडका होता. जून महिन्यांत त्याच्या एका कल्ल्यावर पांढरा ठिपका दिसला. मीं पाणी तपासलें नाहीं. बुरशी आहे एवढें पाहिलें, आणि मेथिलीन ब्लू नांवाचें निळें औषध थेट टाकींत ओतलें. दुसऱ्या दिवशीं उतार दिसेना म्हणून आणखी ओतलें. चौथ्या दिवशीं सकाळीं तो टाकीच्या तळाशीं मेलेला आढळला.

त्या वेळीं एका मुलीनें मला विचारलें, "सर, औषध देऊनही तो कसा मेला?" मीं तिला उत्तर दिलें कीं, दुखणें फार जोराचें होतें. तें उत्तर खरें नव्हतें. तिच्या प्रश्नानें मला रात्रभर चैन पडलें नाहीं, म्हणून दुसऱ्या दिवशीं मीं त्या टाकींतील पाणी तपासून पाहिलें, तों त्यांत अमोनिया भरपूर होता. औषधानें बुरशीपेक्षां उपकारी जंतूंचाच नाश अधिक केला होता. म्हणजे त्या प्राण्यास दुखण्यानें नव्हे, तर माझ्या उतावळेपणानें मारलें. हें मला दुसऱ्या दिवशींच कळलें. तरी तें वर्गापुढें बोलून दाखविण्याचें धैर्य मला झालें नाहीं. तीं मुलें आतां शाळा सोडून गेलीं आहेत. त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडल्यास त्यांनीं माझें तें उत्तर दुरुस्त करून घ्यावें, व मला क्षमा करावी.

लक्षणें व त्यांचा अर्थ

प्राण्यास वाचा नाहीं. म्हणून त्याचें अंग वाचावयास शिकलें पाहिजे. कल्ले पुढच्या बाजूस वळलेले व शेंपटीचें टोंक आंकड्यासारखें वांकलेलें दिसल्यास प्राणी त्रासांत आहे असें समजावें. फिल्टरचा प्रवाह जोराचा असला किंवा पाणी बिघडलें म्हणजे असें होतें. कल्ल्यांची झालर झडून आंखूड होऊं लागल्यास अमोनिया किंवा उष्णता ह्यांचा संशय घ्यावा. कल्ल्यांवर किंवा जखमेवर कापसाचे पुंजके दिसल्यास ती बुरशी होय. ती बहुधा आधींच दुर्बळ झालेल्या प्राण्यावर येते.

प्राणी खात नसल्यास प्रथम पाण्याची उष्णता पाहावी, नंतर टाकीचा तळ पाहावा. ॲक्सोलॉटल भक्ष्य चावून खात नाहीं. तोंड उघडून पाण्यासकट तें आंत ओढून घेतो. त्यामुळें तळाशीं बारीक खडे असल्यास तेही पोटांत जातात व आंतडीं अडकतात. म्हणून टाकीचा तळ उघडा ठेवावा, किंवा अगदीं बारीक वाळू घालावी. तोंडांत मावतील असे खडे कधींही घालूं नयेत. धडधाकट मोठा प्राणी आठवडाभर न खातांही राहूं शकतो. तेवढ्यानें घाबरून त्याच्या तोंडांत बळेंच अन्न कोंबूं नये.

प्राणी केव्हां केव्हां पाण्यावर तरंगतो. मनास येईल तेव्हां तो पुन्हां खालीं जात असेल तर चिंतेचें कारण नाहीं. परंतु खालीं जाण्याची धडपड करूनही त्यास जातां येत नसेल, तो उलटा होत असेल, किंवा पोट फुगलेलें असेल, तर वायु, बद्धकोष्ठ किंवा पोटांत अडकलेला खडा ह्यांचा संभव असतो.

पाय व पोट ह्यांवर लाल चट्टे उठणें, सर्व अंग सुजणें, कातडी सुटून येणें, जखम चिघळत जाणें, हीं लक्षणें रक्तांत रोगजंतूंचा शिरकाव झाल्याचीं असूं शकतात. अशा वेळीं घरगुती उपायांत एक दिवसही न दवडतां पशुवैद्याकडे जावें. सरपटणारे व उभयचर प्राणी तपासण्याचा सराव असलेला वैद्य आपल्या शहरांत कोण आहे, ह्याची चौकशी प्राणी निरोगी असतांनाच करून ठेवणें शहाणपणाचें होय.

पहिली शुश्रूषा

आतां त्या विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही काय केलें तें क्रमानें सांगतों, म्हणजे शुश्रूषेची रीत ध्यानांत येईल.

प्रथम आम्ही प्राण्यास टाकींतून काढून वेगळ्या भांड्यांत ठेविलें. हें भांडें प्लास्टिकचें, झांकणाला भोकें असलेलें, आणि साबण कधींही न लागलेलें असावें. त्यांतील पाणी क्लोरिन काढलेलें व टाकींतल्या पाण्याइतक्याच उष्णतेचें असावें. प्राण्यास जाळ्यानें पकडूं नये, कारण कल्ले व बोटें जाळ्यांत गुंततात. पाण्यांतच एखादें वाडगें त्याच्यापुढें धरून त्यास हळूच त्यांत शिरूं द्यावें. भांड्यांत फिल्टर नसतो, म्हणून त्यांतलें सर्व पाणी रोज बदलावें.

नंतर पाणी थंड करावयाचें. मुलानें बर्फाचे खडे आणले होते; ते मीं परत पाठविले. एकाएकीं थंडी लागल्यास प्राण्यास धक्का बसतो. आम्ही पाण्यानें भरून गोठविलेली बंद बाटली भांड्यांत ठेविली, पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर घेतला, आणि तासाला एक अंशाहून अधिक उतार पडूं नये अशी नजर ठेविली. रात्रीं वडील व मुलगा आळीपाळीनें जागले. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत पाणी १९ अंशांवर आलें, आणि वळलेले कल्ले थोडे मागें सरले.

मग बुरशीचा विचार. त्यासाठीं मिठाच्या पाण्याचें स्नान उपयोगी पडतें. एक लिटर पाण्यांत चहाचे दोन चमचे मीठ विरघळवून त्यांत प्राण्यास दहा मिनिटें ठेवावें, आणि नंतर लगेच स्वच्छ गार पाण्यांत सोडावें. दिवसांतून एकदांच, आणि थोडेच दिवस. मीठ साधें असावें. स्वयंपाकघरांतील मीठ बहुधा आयोडीनयुक्त असतें, तें घेऊं नये. दहा मिनिटें म्हणजे दहाच मिनिटें. घड्याळ समोर ठेवावें, कारण मीठ बुरशीप्रमाणें नाजूक कल्ल्यांसही जाळतें. प्राणी तडफडूं लागल्यास वेळ पुरी होण्यापूर्वींच बाहेर काढावा. आपल्या शाळेच्या आवारांत जसें देशी बदामाचें झाड आहे, त्या जातीच्या झाडाचें आपोआप गळून वाळलेलें एखादें पान स्वच्छ धुऊन पाण्यांत ठेवल्यासही कांहीं उपयोग होतो. त्यांतील तुरट द्रव्य पाण्यांत उतरतें आणि बुरशीस थोडें आवरतें. मात्र झाडावर कीटकनाशक फवारलेलें नसावें.

माशांचीं म्हणून विकलीं जाणारीं औषधें ह्या प्राण्यास चालतातच असें नाहीं. ज्यांत तांबें आहे तीं तर विषच होत. निळें औषध द्यावयाचें झालें तरी तें वैद्याच्या सांगण्यावरून, वेगळ्या भांड्यांत, मोजून द्यावें. टाकींत कधींही ओतूं नये.

तिकडे टाकीचें काम चालूंच होतें. ती खिडकीपासून हलवून उत्तरेकडील खोलींत नेली. अमोनिया शून्यावर येईपर्यंत प्राण्यास तींत परत सोडावयाचें नाहीं असें ठरविलें. ह्यास पांच आठवडे लागले. तोंवर रोज सकाळीं मुलगा भांड्यांतलें पाणी बदली. स्पंज धुवावयाचाच झाला तर टाकींतून काढलेल्या पाण्यांत हलकेच पिळावा, आणि दर आठवड्यास सुमारें चौथा हिस्साच पाणी बदलावें, हा धडा त्या घरांत आतां कोणी विसरणार नाहीं.

चौथ्या दिवशीं कापूस गळून पडला. नवव्या दिवशीं प्राण्यानें एक गांडूळ खाल्लें. हें वृत्त सांगावयास तो मुलगा मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलीपर्यंत धांवत आला होता. कल्ल्यांची झालर पूर्ववत् होण्यास मात्र दोन महिने लागले.

नित्याची काळजी

निरोगी प्राण्यास पुढील गोष्टी पुरेत. एका मोठ्या प्राण्यास निदान ७५ लिटर पाणी मावेल अशी, उंचीपेक्षां लांबीनें अधिक असलेली टाकी असावी. फिल्टरचा प्रवाह मंद असावा. तीव्र उजेड त्याच्या डोळ्यांस सोसत नाहीं. लपावयास मातीचें एखादें आडवें मडकें द्यावें. अन्नांत गांडूळ हें सर्वांत उत्तम. मात्र तें खत किंवा कीटकनाशक घातलेल्या जमिनींतलें नसावें. लहान प्राण्यास रोज, मोठ्यास दोन-तीन दिवसांनीं खाऊं घालावें, आणि उरलेलें अन्न लगेच काढून टाकावें. गाईबैलांचें मांस देऊं नये. त्याच्याबरोबर मासे ठेवूं नयेत. ते कल्ले टोंचतात. लहान पिलें एकत्र ठेविल्यास एकमेकांचे पाय तोडतात. असा पाय तुटल्यास पट्टी बांधूं नये, मलम लावूं नये. पिलास वेगळें करून पाणी थंड व स्वच्छ ठेवावें. बाकीचें काम त्याच्या देहांत ठेविलेली शक्ति करील.

पालकांस विनंति

पालकहो, आपल्या मुलानें ह्या प्राण्याचा हट्ट धरल्यास तीन गोष्टींचा विचार करावा. पहिली ही कीं, आपल्या दख्खनच्या उन्हाळ्यांत घरांतलें पाणी ह्या प्राण्यास सोसेल इतकें थंड आपोआप राहत नाहीं. पाणी थंड ठेवणारें यंत्र घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं तें घेतलें. त्याची किंमत प्राण्याच्या किंमतीच्या कित्येक पट पडली. दुसरी ही कीं, हा प्राणी १९७५ सालापासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत आहे, आणि आपल्या देशाच्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अशा परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानें त्याची सरकारांत नोंद करणें भाग आहे. दुकानदार काय म्हणतो ह्यावर न जातां वनखात्याकडे चौकशी करावी. तिसरी ही कीं, आज आठवींत असलेला मुलगा कॉलेज संपवून नोकरीस लागेल तेव्हांही हा प्राणी जिवंत असूं शकतो. तोंवर त्याचें पाणी कोण बदलील? आणि कंटाळा आला म्हणून त्यास नदींत किंवा तळ्यांत सोडून देणें हा तर त्याचा व त्या पाण्यांतील इतर जीवांचा, दोघांचाही अपराध होय. परक्या पाण्यांत सोडलेल्या माशांनीं सोचिमिल्कोंत काय केलें तें वर सांगितलेंच आहे.

ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक नसतील तर मुलास स्पष्टपणें नाहीं म्हणावें. मीं स्वतः २०१९ नंतर विज्ञानाच्या खोलींत दुसरा ॲक्सोलॉटल आणलेला नाहीं. पाणी थंड ठेवण्याची सोय होईपर्यंत तो आणण्याचा मला अधिकार नाहीं, असें मला वाटतें.

मुलांनो, नीतिमान मनुष्याची ओळख तो आपल्या मुक्या प्राण्याशीं कसा वागतो ह्यावरूनही होते, अशी शिकवण नीतिसूत्रांच्या पुस्तकांत आहे. ही ओळख मोठ्या संकटाच्या वेळीं होते असें नाहीं. ती रोजच्या लहानशा कामांत होते. त्या विद्यार्थ्यानें आतां एक वही केली आहे. तींत तो सकाळीं व सायंकाळीं पाण्याची उष्णता लिहितो, आणि दर रविवारीं उपासनेहून आल्यावर पाणी तपासून त्याचे आंकडे मांडतो. गेल्या आठवड्यांत ती वही मीं पाहिली; एकही दिवस कोरा नव्हता. तुमच्या घरीं कोणताही मुका प्राणी असो, त्याच्या नांवानें अशी एक वही आजच घाला. तो आजारी पडेल तेव्हां औषधाच्या बाटलीपूर्वीं ती वही उघडा.